गोल्फची जुनी पुस्तकं: वाचनखोलीच्या कपाटासाठी कोणती घ्यावी, आणि वाचायची कशी?

पहिला_टी (नागपूर)

नमस्कार मंडळी. क्लबच्या वाचनखोलीतलं एक कपाट गोल्फच्या पुस्तकांसाठी मोकळं करून मिळालंय. बारा-पंधरा पुस्तकं बसतील, त्याहून जास्त नकोत. वाचणारे दोन तऱ्हेचे आहेत. एक म्हणजे नुकतेच शिकायला लागलेले किंवा वीस-चोवीस हँडिकॅपवर (म्हणजे मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण तेवढे जास्त लागतात) अडकून बसलेले. दुसरे ज्येष्ठ सभासद, ज्यांना आता खेळण्यापेक्षा इतिहासात जास्त रस आहे. नेटवर याद्या ढीगभर सापडतात, पण दहा याद्यांत तीच नावं आणि पुस्तक का घ्यावं ते एकीतही नाही.

नेमकं विचारायचंय ते असं. शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकातलं तंत्र आजच्या क्लबांनी (खेळायच्या काठ्यांनी) चालतं का, की ती नुसती शोभेला ठेवायची? अमेरिकन खेळाडू बेन हॉगनचं 'फाइव्ह लेसन्स' वाचून स्लाइस (चेंडू उजवीकडे वळत जाणं) कमी होण्याऐवजी वाढतो, असं रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी, हमखास ऐकू येतं. त्यात तथ्य किती? आणि ही सगळी पुस्तकं समुद्रकाठच्या नाहीतर अमेरिकेतल्या हिरव्यागार मैदानांवरून लिहिलेली. आपल्याकडे मे महिन्यात काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, तिथे त्यातलं काय कामाचं?

शेवटचं म्हणजे, जुन्या प्रती शोधाव्यात की नव्या छापलेल्या घ्याव्यात?

जुनी_पानं

इतिहासाकडून सुरुवात करतो, तिथे निवड सोपी आहे.

केवळ गोल्फवर छापलेलं पहिलं पुस्तक म्हणजे टॉमस मॅथिसनचं 'द गॉफ', एडिनबरा, 1743. हे चक्क काव्य आहे आणि तेही थट्टेचं: महाकाव्याचा थाट उभा करून लीथच्या मैदानावरचा एक सामना रंगवलाय. पुढच्याच वर्षी, 1744 मध्ये, त्याच लीथला खेळाचे पहिले 13 नियम कागदावर आले. म्हणजे या खेळाची कविता आधी झाली आणि कायदा मागून आला. मूळ प्रत लिलावातच दिसते, तिच्या नादी लागू नका. रॉबर्ट क्लार्कच्या 'गोल्फ: अ रॉयल अँड एन्शंट गेम' (1875) या संग्रहात ती कविता आहे, जुन्या क्लबांची इतिवृत्तं आहेत, आणि 1457 मध्ये दुसऱ्या जेम्सच्या काळात स्कॉटलंडच्या संसदेनं गोल्फ आणि फुटबॉलवर घातलेल्या बंदीचा मजकूरही आहे. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूमागे पळतात, ही तक्रार. कागदपत्रं मुळातून वाचायची हौस असेल त्यांच्यासाठी हेच पुस्तक.

सलग वाचायला मात्र रॉबर्ट ब्राउनिंगचं 'अ हिस्टरी ऑफ गोल्फ' (1955). एकच इतिहास घ्यायचा तर हाच. पिसांचा चेंडू, 1848 पासूनचा गटापर्चाचा चेंडू, मग हॅस्केलचा रबरी दोऱ्याचा चेंडू, आणि प्रत्येक वेळी चेंडू बदलला की क्लब, मैदान आणि स्विंग कसे बदलत गेले, ही साखळी त्यात नीट लागते. ही साखळी डोक्यात बसली की पुढची तंत्राची पुस्तकं समजायला निम्मी सोपी होतात. पिसांचा चेंडू चामड्याच्या पिशवीत ओली पिसं ठासून करायचे. कुशल कारागिराचे दिवसाला तीन-चारच व्हायचे, त्यामुळे महाग, आणि पावसात भिजला की शिवण उसवायची. गटापर्चाचा चेंडू फुटला तर गरम पाण्यात मऊ करून पुन्हा वळता यायचा. खेळ श्रीमंतांच्या हातून सुटला तो तिथे.

खेळाचा उगम स्कॉटलंडचा की हॉलंडचा, या वादात पडायचं असेल तर व्हान हेंगेलचं 'अर्ली गोल्फ' (1982) डच बाजू मांडतं. चीनमध्ये 'चुइवान' नावाचा चेंडू भोकात घालायचा खेळ होता आणि त्यावरचा ग्रंथ 1282 चा आहे, हेही लक्षात असू द्या. पण त्यावरून 'गोल्फ चिनी' असं ठरवायची घाई नको. दोन ठिकाणी सारखा खेळ सापडला म्हणजे एक दुसऱ्यातून निघाला असं होत नाही.

मैदानांवरचं एक हवंच: बर्नार्ड डार्विनचं 'द गोल्फ कोर्सेस ऑफ द ब्रिटिश आयल्स' (1910). चार्ल्स डार्विनचा नातू. हॅरी राउंट्रीची रंगीत चित्रं ही त्यातली अर्धी मजा, त्यामुळे चित्रं काळ्या-पांढऱ्यात छापलेली आवृत्ती घेऊ नका. जोडीला अॅलिस्टर मॅकेन्झीचं छोटेखानी 'गोल्फ आर्किटेक्चर' (1920). चांगल्या मैदानाची 13 तत्त्वं त्यात आहेत. चेंडू शोधण्याचा त्रास शक्यतो नसावा, हे त्यातलं एक. ग्रीन कमिटीवर (मैदानाची देखभाल बघणाऱ्या समितीवर) बसणाऱ्यांनी निदान तेवढं तरी वाचावं.

भारताबद्दल: ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना क्लब कलकत्त्याचा, 1829 चा. त्यावर उल्लेख खूप मिळतात, पण जागतिक याद्यांत बसेल असं भारतीय गोल्फचं अभिजात पुस्तक नाही. तो कप्पा रिकामा ठेवा.

नऊ_नंबर

स्लाइसबद्दल जे ऐकू येतं ते खरं आहे, आणि त्यात पुस्तकाचा दोष नाही. तंत्रावरचं प्रत्येक पुस्तक म्हणजे लेखकानं स्वतःच्या दुखण्यावर शोधलेलं औषध असतं. हॉगनचं दुखणं हुक, म्हणजे चेंडू डावीकडे जास्त वळणं. आपल्याकडे वीस हँडिकॅपवाल्यांपैकी बहुतेकांचं दुखणं स्लाइस. दुसऱ्याची चिठ्ठी दाखवून औषध आणल्यावर काय होणार?

'फाइव्ह लेसन्स' आधी 1957 च्या वसंतात स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड साप्ताहिकात पाच भागांत आलं आणि त्याच वर्षी पुस्तक झालं. शब्दांकन हर्बर्ट वॉरन विंड यांचं, चित्रं अँथनी राव्हिएली यांची. ग्रिपचं, म्हणजे क्लब धरण्याच्या पकडीचं, प्रकरण उघडा. डाव्या हातात दांडा तर्जनीच्या पेरावरून तिरका जाऊन तळव्याच्या टाचेच्या मांसल उशीखाली दाबलेला. डाव्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं होणारा 'व्ही' उजव्या डोळ्याकडे. उजव्या हाताचा दांडा बोटांत, पकड मधल्या दोन बोटांची, आणि त्याचा 'व्ही' हनुवटीकडे. आता हीच पकड घेऊन खाली बघा: डाव्या हाताची फार तर दोन बोटपेरं (मुठीवरचे उंचवटे) दिसतील. ही हुक मारून टाकणारी ग्रिप आहे. चेंडूवर येईपर्यंत ती क्लबचं तोंड (चेंडूला लागणारा सपाट भाग) स्वतःहून मिटवत, म्हणजे डावीकडे वळवत, नाही. हॉगनचे दंड वळण्याचा वेग इतका होता की त्याला तोंड मिटवायची चिंता नव्हती, जास्त मिटायची होती.

त्यात भर पडते चौथ्या धड्याची. खाली येताना सुरुवात कंबरेनं करा, असं तो सांगतो. शिकाऊ माणूस कंबर गरकन फिरवतो, कंबरेमागोमाग खांदे उघडतात, क्लब बाहेरून आत कापत येतो, आणि वरच्या ग्रिपमुळे तोंड उघडंच. बाहेरून आत वाट आणि उघडं तोंड म्हणजे केळ्यासारखा स्लाइस. दोन्ही सूचना हॉगनसाठी बरोबर, एकत्र आपल्यासाठी घातक.

आणखी एक बारीक गोष्ट. 1955 मध्ये लाइफ मासिकात हॉगननं आपलं 'गुपित' सांगितलं होतं: वर गेल्यावर डावं मनगट किंचित आत मोडायचं, म्हणजे तोंड आणखी उघडतं आणि हुक अशक्य होतो. दोन वर्षांनी आलेल्या पुस्तकात हा तुकडा नाही. सामान्य खेळाडूला त्याचा उपयोग नाही हे त्यालाही ठाऊक असावं, असं मला वाटतं. व्हिडिओ बघून ते गुपित पुस्तकात मिसळणारे मात्र स्वतःच्या हातानं स्लाइस दुप्पट करून घेतात.

मग पुस्तक घ्यायचं की नाही? घ्यायचंच. उभं राहणं, कोपरं एकमेकांजवळ ठेवून कंबरेच्या हाडांकडे रोखणं, उजवं पाऊल रेषेला काटकोनात आणि डावं पाव वळणानं बाहेर, हात-मग-खांदे-मग-कंबर हा मागे जाण्याचा क्रम, आणि फटक्याआधीचा वॅगल (क्लब किंचित मागेपुढे हलवणं), यावर इतकं स्वच्छ लिखाण दुसरीकडे नाही. चेंडूपासून तिरकी वर येऊन खांद्यावर टेकलेल्या काचेचं चित्र सगळ्यांना आठवतं, पण चुकीचं आठवतं. क्लब काचेवर चिकटून सरकला पाहिजे असं तो म्हणत नाही; मागे जाताना हातांनी काच फोडू नये, एवढंच म्हणतो. कपाटातल्या प्रतीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवा: 'स्लाइस असेल तर ग्रिपचं प्रकरण सोडा. दोन्ही व्ही उजव्या खांद्याकडे ठेवा, डाव्या हाताची अडीच-तीन बोटपेरं दिसू द्या. बाकी सगळं वाचा.'

नवशिक्यांसाठी पहिलं पुस्तक हॉगन नव्हे, हार्वे पेनिकचं 'लिटल रेड बुक' (1992). ऑस्टिनच्या या शिक्षकानं 1920 च्या दशकापासून लाल वहीत टिपणं ठेवली होती; बेन क्रेनशॉ आणि टॉम काइट हे त्याचे शिष्य. पान-दीड पानाचे तुकडे, कुठूनही उघडा. सराव असे की घरच्या अंगणात करता येतात: चेंडू नाही, नुसता टी (चेंडू ठेवायची खुंटी) रोवायचा, सात नंबर आयर्न घेऊन टीच्या डोक्याला खरवडत स्विंग करायचा. टी उडाला किंवा सुटला ते कानाला कळतं. हेच वीस वेळा.

दुसरं, एर्नेस्ट जोन्स. पहिल्या महायुद्धात या माणसाचा एक पाय गेला, आणि एका पायावर उभा राहून तो पुन्हा उत्तम खेळू लागला. त्यावरून त्यानं ठरवलं की शरीराच्या हालचालींचा हिशेब ठेवण्यात अर्थ नाही, क्लबचं डोकं फिरवता आलं की झालं. 'स्विंग द क्लबहेड' (1952). त्याचा प्रसिद्ध प्रयोग: रुमालाच्या टोकाला घडीचा चाकू बांधा, दुसरं टोक हातात धरून झुलवा. झुलवलात तर रुमाल ताठ राहतो. मनगटानं ढकललात की ढिला पडून चाकू मागे राहतो. चाकूऐवजी किल्ल्यांचा जुडगा बांधला तरी चालतो, फक्त ट्यूबलाइटखाली करू नका.

काळी_माती

नऊ_नंबर भाऊंनी दुखणं सांगितलं, मी जमीन आणि हत्यार सांगते. जुनं पुस्तक उघडताना पहिल्यांदा साल बघायचं आणि स्वतःला तीन गोष्टी विचारायच्या: दांडा कशाचा होता, सँड वेज (वाळूतून मारायचा क्लब) होता का, आणि पाणी घातलेल्या ग्रीन (भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत) होत्या का.

दांडा: स्टीलचा दांडा अमेरिकेत 1924 पासून आणि सेंट अँड्रूजच्या संस्थेकडून 1929 मध्ये मान्य झाला. त्याआधीचं सगळं हिकरी लाकूड. लाकूड वाकतं तसं पिळवटतंही. जोरात खाली ओढलं की डोकं मागे राहून तोंड उघडं पडतं. म्हणून हॅरी व्हार्डनच्या 'द कम्प्लीट गोल्फर' (1905) मध्ये लांब, सावकाश, टाच उचलून मागे जाणारा स्विंग आहे. तो वाचून घाई कमी करायची तर खुशाल करा, पण फटक्याच्या वेळी हातांनी तोंड वळवून मिटवण्याची सवय त्यातून उचलू नका. आजच्या दांड्याला ती लागत नाही, हुक बसेल. क्लबांची नावंही समजून घ्यावी लागतात: ब्रॅसी म्हणजे साधारण दोन नंबर वूड, मॅशी पाच नंबर आयर्नच्या जवळ, मॅशी-निब्लिक सातच्या, निब्लिक नऊच्या. आणि स्टायमी हा शब्द आला की प्रकरण सोडून द्या. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू वाटेत असला तरी उचलायचा नाही, हा तो नियम. 1952 मध्ये गेला.

बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा: जीन सॅराझेननं तळाला जाड पट्टी दिलेला सँड आयर्न 1932 ची ब्रिटिश ओपन जिंकताना वापरला. त्याआधीच्या पुस्तकांतलं बंकरचं प्रकरण आज वापरू नका. निब्लिकच्या पातळ धारेनं वाळूत मारायचं म्हणजे क्लब रुतायचा, म्हणून चेंडू अलगद उचलून काढायच्या युक्त्या सांगितलेल्या असतात. आजच्या सँड वेजचा तळ वाळूवर घसरायलाच केलाय. चेंडूमागे दोन इंच, तोंड उघडून, वाळूच बाहेर फेकायची.

आता जमीन. गंमत अशी की आपल्या मार्च-जूनच्या मैदानांना 1957 च्या हॉगनपेक्षा 1905 चा व्हार्डन जवळचा. युद्धानंतरची अमेरिकन पुस्तकं पाणी घातलेल्या मऊ ग्रीन गृहीत धरतात: उंच मारा, तिथेच थांबेल. काळी माती तापून दगड झाली की उंच मारलेला चेंडू ग्रीनवरून टणकन उसळून मागच्या झुडपात जातो. स्कॉटिश पुस्तकांतला रन-अप, म्हणजे चेंडू थोडासा उडवून बाकी घरंगळत नेणं, इथे कामाला येतो. सात नंबर आयर्न, चेंडू मधोमधपेक्षा किंचित मागे, साठ-पासष्ट टक्के वजन डाव्या पायावर, मनगटं गप्प. हिशेब सोपा: बारातून क्लबचा नंबर वजा करा, तेवढे भाग घरंगळणं आणि एक भाग हवेतून. सातला पाचास एक, नऊला तिनास एक. सपाट, मध्यम वेगाच्या ग्रीनवर हे जमतं. चढ असेल तर एक-दोन भाग कमी धरा. जमीन टणक असताना वेज कमी बाउन्सचा (तळाचा फुगवटा कमी असलेला), चार ते आठ अंशांचा. जास्त बाउन्सचा तळ टणक जमिनीवर आपटून वर उसळतो आणि धार चेंडूच्या पोटात बसते.

पावसाळा सुरू झाला की पुस्तक बदला. हीच माती चिकट होते, चेंडू पडल्या जागी रुततो, घरंगळणं शून्य. तेव्हा जॅक निकलॉसचं 'गोल्फ माय वे' (1974) काढा: उंच चेंडू, पूर्ण वळण. वेज दहा ते चौदा अंश बाउन्सचा.

ग्रीनचंही तसंच. ब्रिटिश पुस्तकं फेस्क्यू-बेंट गवतावरची. आपल्याकडे बहुतेक हरळी, आणि हरळीला धार असते, म्हणजे तिची पाती एका दिशेला कललेली असतात. चेंडूमागून बघताना गवत चमकलं तर धार तुमच्यापासून पुढे, पट (ग्रीनवरचा घरंगळता फटका) जोरात जाईल. गडद, मळकं दिसलं तर धार अंगावर, जोर वाढवा. खात्री करायची तर भोकाची कड बघा: जी बाजू फाटकी आणि वाळकी, धार त्या दिशेला. जुन्या पुस्तकांतली पटिंगची प्रकरणं यावर जवळजवळ गप्प आहेत.

आणि उन्हाळ्यात पुस्तकांतली अंतरं जशीच्या तशी घेऊ नका. 45 अंशांना हवा 25 अंशांपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ असते. ड्रायव्हर पाच-सात यार्ड जास्त जातो, आणि टणक जमिनीवर पुढे किती पळेल त्याचा भरवसा नाही.

पहिला_टी

ताई, बारातून वजा करायचं आजच दरवाज्यावर चिकटवतो. काका, भाऊ, आभार.

एक शंका. जुन्या पुस्तकांत ड्रॉ (उजवीकडे निघून हलकेच डावीकडे वळणारा फटका) मारायची कृती अशी असते: तोंड लक्ष्याकडे, पाय आणि खांदे उजवीकडे, पायांच्या रेषेत स्विंग. करून बघणाऱ्यांचा चेंडू दरवेळी डावीकडे जास्तच जातो. कृती चूक की करणारे? आणि 'द गोल्फिंग मशीन' घ्यावं का? दोन सभासदांचा आग्रह आहे.

मोजपट्टी

कृती चूक. चांगल्या खेळाडूंना ती 'जमायची' कारण सांगताना एक आणि करताना दुसरं व्हायचं.

जुना समज असा की चेंडू स्विंगच्या वाटेनं निघतो आणि मग तोंडाकडे वळतो. रडारवर मोजमाप सुरू झाल्यावर दिसलं ते उलटं: निघतो तो मुख्यतः तोंडाच्या दिशेनं. ड्रायव्हरला सुमारे 85 टक्के, आयर्नला 75 टक्क्यांच्या आसपास. आणि वळतो तो तोंड आणि वाट यांच्यातल्या फरकाच्या प्रमाणात. आता आकडे घाला. सात नंबर आयर्न, तोंड बरोबर लक्ष्यावर म्हणजे शून्य, वाट 6 अंश उजवीकडे. चेंडू निघणार जेमतेम दीड अंश उजवीकडे, आणि फरक 6 अंशांचा, म्हणून वळण भरपूर. तो लक्ष्याच्या डावीकडेच संपणार. बरोबर कृती: वाट 6 उजवीकडे, तोंड 3 उजवीकडे. लक्ष्याच्या मानाने तोंड उघडं, वाटेच्या मानाने मिटलेलं. चेंडू उजवीकडे निघून परत येतो. पुस्तकाच्या त्या पानात एक चिठ्ठी घालून ठेवली की झालं. पान रद्दबातल करायची गरज नाही, कारण उभं राहण्याचा भाग ठीकच आहे.

हे कळायला सर्वांत चांगलं जुनं पुस्तक म्हणजे कॉक्रन आणि स्टॉब्स यांचं 'सर्च फॉर द परफेक्ट स्विंग' (1968). गोल्फ सोसायटी ऑफ ग्रेट ब्रिटननं शास्त्रज्ञांचा गट बसवून अभ्यास करवून घेतला त्याचा हा वृत्तांत. त्यांनी स्विंगचा सांगाडा दोन लंबकांचा केला: वरचा लंबक म्हणजे दंड, खालचा म्हणजे क्लब, मधे मनगटाचं बिजागर. मनगट मुद्दाम मारायची गरज नाही, वरचा लंबक फिरला की खालचा आपोआप सुटतो, आणि लवकर सोडला तर वेग आधीच खर्च होतो. 'लवकर सुटणं' म्हणतात ते नेमकं काय, ते त्यातल्या आकृत्यांत दिसतं. चेंडू आणि तोंड यांचा स्पर्श जवळपास अर्धा मिलिसेकंद टिकतो, हाही आकडा त्यात आहे. तेवढ्या वेळात हातांना चेंडू जाणवून काही दुरुस्ती करणं अशक्य. 'चेंडूवर क्लब जास्त वेळ ठेवा' असं वाक्य कुठल्याही पुस्तकात दिसलं तर ते नुसतं जाणिवेसाठी आहे असं समजा.

'द गोल्फिंग मशीन' (1969): होमर केली. स्विंगचे 24 घटक, प्रत्येकाचे अनेक प्रकार, आणि प्रत्येक वाक्यात दुसऱ्या परिच्छेदाचा क्रमांक. त्यातल्या तीन गोष्टी सोन्यासारख्या आहेत: डावं मनगट सपाट, क्लबचं डोकं हातांमागे ओढलं जात असल्याचा दाब, आणि सरळ प्लेन-रेषा (स्विंगच्या तिरक्या पातळीची जमिनीवरची रेषा). पण त्या समजायला शिक्षक लागतो. वाचनखोलीत ते दहा पानं उघडून परत जागेवर जाईल. आग्रह करणाऱ्या सभासदांनाच भेट द्यायला सांगा.

आधुनिकपैकी एकच सुचवतो, मार्क ब्रॉडीचं 'एव्हरी शॉट काउंट्स' (2014). हजारो फटक्यांची नोंद तपासून त्यानं दाखवलं की दोन खेळाडूंच्या धावसंख्येतला सुमारे दोन तृतीयांश फरक ग्रीनपासून दूरच्या फटक्यांत पडतो, पटिंगमध्ये नाही. व्यावसायिकसुद्धा आठ फुटांवरून निम्मेच पट घालतात, हे वाचल्यावर चार फुटांवरचा चुकला म्हणून पटर फेकणं कमी व्हावं.

जुनी_पानं

मोजपट्टी, गोल्फमध्ये धावा कधीपासून? स्ट्रोक म्हणा. बाकी पटलं.

माझ्याकडूनही एक राहिलं. तंत्रावरचं पहिलं पुस्तक बरेच जण 1890 चा बॅडमिंटन लायब्ररीचा हॉरेस हचिन्सनचा खंड समजतात. त्याच्या तेहेतीस वर्षं आधी, 1857 मध्ये, एच. बी. फार्नी यांनी 'अ कीन हँड' या टोपणनावानं 'द गोल्फर्स मॅन्युअल' काढलं होतं. मान त्याचा. वाचायला मात्र वॉल्टर सिम्पसनचं 'द आर्ट ऑफ गोल्फ' (1887) जास्त मजेदार. माणूस तिरकस आहे, आणि स्विंगची छायाचित्रं छापणारं ते पहिल्यांपैकी.

आणि करमणूक विसरू नका. विनोदी लेखक पी. जी. वुडहाउसचं 'द क्लिकिंग ऑफ कथबर्ट' (1922) हवंच. मायकल मर्फीचं 'गोल्फ इन द किंगडम' (1972) ज्येष्ठांना विशेष आवडेल: कादंबरीचा निवेदक भारतात यायला निघालेला असताना वाटेत स्कॉटलंडला थांबतो, आणि मर्फी स्वतः पाँडिचेरीच्या अरविंदाश्रमात राहून गेलेला. नायकाचं नाव शिवास आयर्न्स. ध्यानाची प्रकरणं लांबली की पानं उलटावीत.

काळी_माती

खरेदीचं कोणीच बोललं नाही, म्हणून मीच.

व्हार्डन, सिम्पसन, हचिन्सन, मॅकेन्झी हे सगळे लेखक जाऊन साठ वर्षं उलटली, त्यामुळे आपल्याकडे त्यांचे हक्क संपलेत आणि स्कॅन फुकट मिळतात. नेमका इथेच घोळ आहे. ऑनलाइन दिसणाऱ्या स्वस्त 'क्लासिक रीप्रिंट' बहुतेक त्याच स्कॅनवरून मागणीनुसार छापलेल्या असतात. मजकूर वाचता येतो, पण छायाचित्रांची पानं काळीठिक्कर, आणि मधली घडीची पानं गायब. व्हार्डनमध्ये पाय कुठे, चेंडू कुठे, हे सगळं छायाचित्रांतच आहे, त्यामुळे तसली प्रत म्हणजे रद्दी. मागवण्याआधी विक्रेत्याकडून चित्राच्या एका पानाचा फोटो मागा. नाही म्हणाला तर सोडा. त्यापेक्षा स्कॅन टॅबवर वाचा आणि पैसे हॉगन, पेनिक, निकलॉस, डार्विनच्या नीट प्रतींवर खर्च करा.

सीताबर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात हॉगन किंवा पेनिक दिसलं तर घेताना तीन गोष्टी बघा: पाठ दाबून पानं सुटतात का (गोंदाची बांधणी उन्हानं कडक होऊन तडकते), कोणी ग्रिपची चित्रं फाडून नेलीत का (नेतात!), आणि कडांना बारीक वेड्यावाकड्या खाल्लेल्या खुणा आहेत का. तशा खुणा म्हणजे कसर. ती प्रत घरी आणून बाकीच्यांना लावू नका.

कपाट कुठे ठेवणार ते आधी ठरवा. आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीत कूलर चालणार, आणि कूलरच्या झोतासमोरचं कपाट म्हणजे दिवसा दमट, रात्री कूलर बंद झाला की भट्टी. चकचकीत कागदाची चित्रांची पानं अशानं एकमेकांना चिकटतात, आणि ओढून सोडवली की चित्र दुसऱ्या पानावर जातं. कपाट कूलरच्या विरुद्ध भिंतीला, भिंतीपासून चार बोटं पुढे, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा, नाहीतर पावसाळ्यात ओल आणि मागून वाळवी. आत सिलिका जेलच्या पुड्या, महिन्यातून एकदा तापवून परत ठेवायच्या. डांबरगोळ्या कागदाला खेटून ठेवू नका, वास वर्षभर जात नाही.

पहिला_टी

यादी अशी होतेय: क्लार्क (नाही मिळालं तर स्कॅन), ब्राउनिंग, डार्विन, मॅकेन्झी, सिम्पसन, व्हार्डन (स्कॅन), जोन्स, हॉगन, कॉक्रन-स्टॉब्स, निकलॉस, पेनिक, ब्रॉडी, वुडहाउस, मर्फी. चौदा झाली. म्हणजे बॅगेत जेवढे क्लब चालतात तेवढीच.

कपाट सध्या नेमकं कूलरसमोरच आहे. उद्या सरकवतो.